बर्फाच्या गावी मुक्काम कोठे करावा?

वाचकहो, पूर्वी वडीलधारी मंडळी चारधामच्या यात्रेला निघण्याआधी माझ्याकडे रक्तदाब तपासून घेण्यासाठी येत. आजही येतात, पण अलीकडे त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न येऊ लागला आहे. "डॉक्टर, मुलगा स्वित्झर्लंडला बोलावतो आहे. तिकडे सगळे बर्फात स्कीइंगला जाणार आहेत. आम्हीही आठवडाभर त्यांच्याबरोबर राहावं म्हणतो. जाऊ का?" कागदपत्रे चाळता चाळता मी त्यांना उलट विचारते, "जा की! पण राहणार कुठे?"

या प्रश्नाचे बहुतेकांना नवल वाटते. विमान कोणते, थंडीचे कपडे कोणते, औषधे किती न्यावीत, याची चौकशी सर्वजण करतात. मुक्कामाची जागा मात्र मुले ठरवतात, आणि ती ठरवताना त्यांच्या डोळ्यांसमोर स्कीच्या उतारांचा नकाशा असतो. त्यात त्यांचा दोष नाही, कारण ज्याला स्कीइंग करायचे तो उतार जवळ असावा असेच पाहणार. परंतु घरातील ज्या व्यक्तीला स्की पायाला लावायचीच नाही, तिचा सबंध आठवडा त्या एका निवडीवर ठरत असतो. ती रोज बाहेर पडू शकेल की नाही, तिला रात्री झोप लागेल की नाही, दुखले-खुपले तर वैद्यकीय मदत किती वेळात मिळेल, हे सारे मुक्कामाच्या जागेवर अवलंबून असते. म्हणून आजचा लेख याच विषयाला वाहिला आहे.

दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न आमच्याच घरात आला. माझा पुतण्या झुरिकला नोकरी करतो. त्याची पत्नी आणि सहा वर्षांचा मुलगा तिथे छान रुळले आहेत. मार्चमध्ये आठवडाभर सर्वांनी आल्प्समध्ये जायचे आणि आजीनेही यायचे, असा त्याचा हट्ट होता. सासूबाई तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या. दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदललेले, हृदयाचे ठोके अनियमित, आणि त्यासाठी रक्त पातळ ठेवण्याचे औषध रोज चालू. याहून मोठी गोष्ट अशी, की मामंजी गेल्यापासून त्यांनी घराबाहेर पडणे जवळजवळ सोडलेच होते. पुतण्याने फोनवर विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "येते रे बाबा, तू म्हणतोस तर. तुम्ही खुशाल हिंडा, मी खिडकीत बसेन."

ते 'खिडकीत बसेन' माझ्या मनाला लागले. आपल्याकडची कितीतरी ज्येष्ठ माणसे असेच बोलतात. आपण कोणाला जड होऊ नये, ही त्यामागची भावना असते. ऐकणाऱ्याला हायसे वाटते आणि निर्णय होऊन जातो. माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक अशाच एका सहलीत सहा दिवस लाकडी बंगल्याच्या वरच्या मजल्यावर बसून होते. दाराबाहेर बर्फाळ पायऱ्या होत्या आणि त्या उतरण्याची त्यांची छाती होत नव्हती. परतल्यावर त्यांनी मला सुंदर छायाचित्रे दाखवली. सर्व छायाचित्रांत डोंगर एकच होता, आणि तो खिडकीच्या चौकटीतून टिपलेला होता.

पहिला विचार : झोपायची उंची

पुतण्याने तीन पर्याय पाठवले. पहिला फ्रान्समधील व्हाल तोरांस या गावाचा. हे गाव सुमारे २३०० मीटर उंचीवर आहे आणि युरोपातील स्कीच्या वसाहतींमध्ये सर्वांत उंचावरची म्हणून त्याची ख्याती आहे. तेथे बर्फाची खात्री असते. दुसरा पर्याय सुमारे १६०० मीटरवरील झेरमाटचा. तिथे गावाच्या वर, उताराला लागूनच, एक बंगला त्याला आवडला होता. तिसरा वेंगन या गावाचा, उंची १२७४ मीटर.

आता आपल्या ओळखीच्या मापाने पाहा. वेंगनची उंची आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडी कमीच आहे. झेरमाटमध्ये झोपणे म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या शिखरावर झोपणे. व्हाल तोरांस त्याहून पुष्कळ वर. आपल्या काश्मीरमधील गुलमर्ग तर सुमारे २६५० मीटरवर आहे, म्हणजे आल्प्समधील बहुतेक सर्व गावांहून उंच.

उंची वाढते तसा हवेतील प्राणवायूचा टक्का घटतो, असा एक समज आहे. तसे नाही. टक्का सगळीकडे एकवीसच राहतो. हवेचा दाब मात्र कमी होतो, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू कमी होतो. समुद्रसपाटीवरचा दाब १०० मानला, तर १३०० मीटरवर तो सुमारे ८६ आणि २३०० मीटरवर सुमारे ७६ असतो. पर्यटकांचे आवडते युंगफ्राउयोख ३४५४ मीटरवर आहे. तिथे तो दोन-तृतीयांशावर येतो. ही तूट भरून काढण्यासाठी हृदय जलद धडधडते, श्वास वाढतो आणि पहिले काही दिवस रक्तदाबही थोडा चढतो. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. ज्याचे हृदय वा फुप्फुस आधीच जपून काम करीत आहे, त्याला ते जाणवते.

डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि झोपमोड ही उंचीच्या आजाराची लक्षणे साधारणपणे २५०० मीटरच्या वर मुक्काम केल्यास दिसतात. काहींना त्याहून खालीही त्रास होतो. केवळ वय अधिक म्हणून हा आजार अधिक होतो असे मात्र नाही, हे मुद्दाम सांगते. धोका वयापेक्षा सोबतच्या दुखण्यांचा असतो. गिर्यारोहकांचा यावरचा जुना नियम आपल्यालाही उपयोगी पडतो : दिवसा उंच जावे, रात्री खाली येऊन झोपावे. दिवसाचे दोन-तीन तास उंचावर काढणे वेगळे आणि सात रात्री तिथे झोपणे वेगळे. रात्री झोपेत श्वास मंदावतो, प्राणवायूची पातळी आणखी खाली जाते, झोप वारंवार मोडते आणि दुसऱ्या दिवशी तोल सांभाळण्याची शक्ती कमी होते. पडण्याची भीती तिथूनच सुरू होते.

म्हणून माझा कौल पहिल्या पर्यायाच्या विरुद्ध गेला. पुतण्या म्हणाला, "काकू, पण खालच्या गावांत बर्फ कमी असतो." त्याचे म्हणणे खरे आहे. हिवाळे उबदार होऊ लागल्यापासून कमी उंचीवरच्या गावांना बर्फाची चिंता असतेच. परंतु वेंगनहून पाळण्याने आणि दात्याच्या रुळांवरून चालणाऱ्या रेल्वेने स्कीचे उतार सहज गाठता येतात, आणि ते दोन हजार मीटरच्याही वर जातात. म्हणजे तरुणांना वरचा बर्फ मिळतो आणि वडीलधाऱ्यांना खालची झोप.

दुसरा विचार : दारापासून रस्त्यापर्यंत

आता झेरमाटचा बंगला. जाहिरातीत त्याचे मोठे वैशिष्ट्य म्हणून 'स्की-इन स्की-आउट' असे लिहिले होते. म्हणजे दारातच स्की चढवायची आणि उतारावर निघायचे. पुतण्याला याचेच आकर्षण होते. पण वाचकहो, ज्या दारातून थेट घसरत जाता येते, त्या दारातून चालत जाणे अवघड असणार, हे उघड आहे. मी त्याला एवढेच विचारायला सांगितले, की बंगल्यापासून रस्त्यापर्यंत पायऱ्या किती. उत्तर आले, चौसष्ट. आणि त्या उघड्यावर. झेरमाट गावाबद्दल माझी तक्रार नाही. तिथे पेट्रोलच्या मोटारींना बंदी आहे, विजेवर चालणाऱ्या छोट्या टॅक्सी स्थानकावरून थेट हॉटेलच्या दारी नेतात. गावाच्या सपाट भागात राहिले तर वृद्धांचीही चांगली सोय होते. अडचण त्या चौसष्ट पायऱ्यांची होती.

बर्फाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ताजा भुसभुशीत बर्फ तितकासा निसरडा नसतो. दुपारी उन्हाने वितळलेले आणि रात्री पुन्हा गोठलेले पाणी हा खरा वैरी. सकाळी नऊच्या सुमारास रस्त्यावर काचेसारखा पारदर्शक थर असतो. तो दिसतही नाही. ठिसूळ हाडांच्या माणसाचा खुबा मोडायला तेवढे पुरे. रक्त पातळ ठेवण्याचे औषध घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर बाहेर जखम नसतानाही कवटीच्या आत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून अशा व्यक्तीने डोके आपटल्यास 'काही झालं नाही' म्हणून गप्प बसू नये, लगेच तपासून घ्यावे. बुटांवर बाहेरून चढवायचे दातेरी रबरी पट्टे तिकडच्या दुकानांत सहज मिळतात. ते पहिल्याच दिवशी घ्यावेत. हातात काठी असावी. आणि सकाळी दहापर्यंत, खडी टाकून होईपर्यंत, बाहेर पडण्याची घाई करू नये.

घराच्या आतली पाहणीही तितकीच महत्त्वाची. पारंपरिक लाकडी घरे देखणी असतात, पण त्यांत जिने अरुंद व चढे असतात आणि पुष्कळदा लिफ्ट नसते. झोपण्याची खोली एका मजल्यावर व स्वच्छतागृह दुसऱ्या मजल्यावर, असेही आढळते. उंच कडेच्या टबमध्ये पाय टाकून स्नान करणे गुडघे बदललेल्या माणसाला कठीण जाते. सपाट तळाची शॉवरची जागा आणि धरायला दांडी असेल तर उत्तम. खोलीचे छायाचित्र पाहून समाधान मानू नका, स्नानगृहाचेही मागवा.

तिसरा विचार : ऊन

आपण ऊन टाळणारी माणसे. आल्प्सच्या हिवाळ्यात मात्र ऊन शोधावे लागते. खोल दरीतील गावांवर डोंगराची सावली दिवसाचा बराच भाग पडून राहते. वेंगनच्या पायथ्याचे लाउटरब्रुनेन गाव अतिशय रम्य आहे, पण दोन्ही बाजूंना उभे कडे असल्यामुळे हिवाळ्यात तिथे ऊन थोडाच वेळ टिकते. वेंगन त्याच्या डोक्यावरच्या उघड्या सपाटीवर वसले आहे, म्हणून तिथे ऊन अधिक.

उन्हाचे हे महत्त्व तिथल्या लोकांनी फार पूर्वी ओळखले होते. क्षयावर प्रतिजैविके नव्हती त्या काळात दाव्होस येथे रोग्यांना दक्षिणेकडच्या गच्चीत, घोंगडीत गुंडाळून, तासन्‌तास निजवून ठेवीत. थॉमस मान यांची 'द मॅजिक माउंटन' ही १९२४ सालची प्रसिद्ध कादंबरी अशाच एका आरोग्यधामात घडते. आपल्या पाचगणीलाही याच विचाराने क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. औषधे आल्यावर दाव्होसच्या कित्येक आरोग्यधामांची हॉटेले झाली. क्षय हवेने बरा होत नसे, हे आज आपण जाणतो. परंतु थंड देशात म्हातारपणी माणसाला दिवसातून तास-दीड तास उन्हात बसायला मिळाले, तर त्याची भूक, झोप आणि मन तिन्ही सुधारतात, हे मी सासूबाईंच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिले. तेव्हा खोली दक्षिणेकडची मागा आणि गच्ची असेल तर तिचे थोडे अधिक पैसे खुशाल द्या. मात्र बर्फावरून परावर्तित होणारे किरण डोळ्यांना अपाय करतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, गडद चष्मा हवाच.

ऋतूचा विचारही यातच येतो. जानेवारीत दिवस लहान आणि थंडी कडक असते. वेंगनला तर त्या महिन्यात लाउबरहॉर्नच्या प्रसिद्ध शर्यतीची गर्दी उसळते. आम्ही मार्चचा पहिला आठवडा निवडला. दिवस मोठे झाले होते आणि ऊन अंगाला लागत होते.

आमचा आठवडा

वेंगनला मोटारीने जाता येत नाही. झुरिकहून रेल्वेने इंटरलाकेनला, तिथून लाउटरब्रुनेनला, आणि पुढे १८९३ पासून चालू असलेल्या डोंगरी रेल्वेने वर. आम्ही स्थानकापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, लिफ्ट असलेल्या इमारतीत, स्वयंपाकघर असलेले घर घेतले. मोटारी नसल्यामुळे रस्त्यावर माणसे निर्धास्तपणे चालतात, आणि नवशिक्या मुलांना शिकवायचा स्कीचा उतार गावाच्या मध्यातच आहे. नकाशात ही गोष्ट पाहिली तेव्हाच माझे मन ठरले होते.

पहिला दिवस विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशी सासूबाई माझा हात धरून त्या उतारापर्यंत आल्या आणि बाकावर बसून पणतूचे पडणे-उठणे पाहत राहिल्या. तिसऱ्या दिवशीही तसेच. चौथ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात असताना त्या बूट चढवून, काठी घेऊन दारात उभ्या दिसल्या. म्हणाल्या, "तू तुझं आवर. मला रस्ता ठाऊक आहे. तो माझी वाट पाहत असेल." मी गच्चीतून त्यांना जाताना पाहिले. दोन वर्षांत त्या प्रथमच एकट्या घराबाहेर पडल्या होत्या, आणि त्याही परक्या देशात, बर्फात. त्या दिवशी दुपारी त्यांनी पणतूला आणि त्याच्या दोन मित्रांना गरम चॉकलेट पाजले. भाषा कोणती वापरली, हे त्यांनी आम्हाला सांगितले नाही.

पाचव्या दिवशी युंगफ्राउयोखचा बेत निघाला. निघण्यापूर्वीच आम्ही हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतला होता. प्रकृती स्थिर असल्यास थोडा वेळ जायला हरकत नाही, असे ते म्हणाले होते. वाटेत २०६१ मीटरवर क्लाइने शायडेक हे स्थानक लागते. तिथे गाडी बदलताना सासूबाई बाकावर टेकल्या, समोरच्या आयगर पर्वताकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मला इथे माझा श्वास ऐकू येतोय. माझं एवढ्यावर पोट भरलं. तुम्ही जा वर." मी त्यांच्यापाशी थांबले. नाडी पाहिली, ती ठीक होती. आम्ही दोघी उन्हात बसून डब्यातला तिखटमिठाचा सांजा खाल्ला. वर जाऊ नये असे मी सांगितले असते तर त्यांना वाईट वाटले असते. निर्णय त्यांनीच घेतला होता, म्हणून त्या प्रसन्न होत्या. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, छातीत वारंवार दुखणारा, हृदय निकामी होऊ लागल्याने धाप लागणारा, रक्तदाब आटोक्यात नसलेला किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार असलेला माणूस असेल, तर तीन हजार मीटरच्या वर जाण्याचा विचार आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. आणि वर गेल्यावर डोके दुखू लागले, गरगरले, तर उपाय एकच : लगेच खाली उतरणे.

आरक्षणापूर्वी विचारावयाचे प्रश्न

या अनुभवावरून मी माझ्या रुग्णांना काही प्रश्न लिहून देते. आपणही ते वहीत उतरून घ्यावेत.

१. गावाची उंची किती? हृदय वा श्वसनाचा विकार असल्यास पंधराशे मीटरच्या आत झोपणे श्रेयस्कर.

२. स्थानकापासून वा बसथांब्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, चढ किती, आणि बर्फ कोण काढतो?

३. लिफ्ट आहे का? झोपण्याची खोली व स्वच्छतागृह एकाच मजल्यावर आहेत का?

४. खोलीत ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते?

५. स्वयंपाकघर आहे का? मधुमेहींना जेवणाची वेळ सांभाळावी लागते. गरम खिचडी स्वतः करून घेता आली तर रात्रीच्या उशिराच्या जेवणाची वाट पाहावी लागत नाही. इन्सुलिन मात्र खिडकीच्या फटीत किंवा बाहेरच्या पिशवीत ठेवू नका. एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. कडाक्याच्या थंडीत साखर मोजण्याचे यंत्रही चुकीचा आकडा दाखवू शकते. ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवावे.

६. जवळचा डॉक्टर आणि रुग्णालय कोठे? वेंगनकरांना इंटरलाकेन गाठावे लागते, झेरमाटकरांना व्हिस्प. स्वित्झर्लंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १४४ आणि युरोपभर ११२ हा क्रमांक चालतो. हे क्रमांक वडीलधाऱ्यांच्या खिशातील चिठ्ठीवर, राहत्या घराच्या पत्त्यासह आणि औषधांच्या मूळ नावांसह, लिहून ठेवावेत.

७. विमा कशाकशाचा आहे? शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. पण आधीपासूनची दुखणी आणि हिवाळी खेळ त्यातून पुष्कळदा वगळलेले असतात. अटी नीट वाचा. हेलिकॉप्टरने हलवावे लागल्यास खर्च कोणाचा, हेही पाहा.

आणि आठवा प्रश्न जागेच्या मालकाला नव्हे, घरातल्या ज्येष्ठांना विचारायचा आहे : "आम्ही सकाळी दहाला स्कीइंगला गेलो, की तुम्ही काय कराल?" उत्तर 'खिडकीत बसू' असे आले, तर ती जागा सोडा आणि दुसरी शोधा. उत्तर सुचेनासे झाले, तर नकाशा उघडून त्यांच्याशेजारी बसा. बाक कुठे आहे, पाव-बिस्किटांचे दुकान कुठे आहे, नातवंडांचा वर्ग कुठे भरतो, हे त्यांना बोटाने दाखवा. आजी-आजोबांनीही संकोच सोडून आपल्याला काय हवे ते सांगावे. मुलांना ते ऐकायचे असते. पुष्कळदा त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.